'भार होणार नाही' याचा पुरावा : व्हिसाच्या कागदांचा इतिहास आणि आपण

आपल्या वस्त्यांमधून आता मुलेमुली अमेरिकेत शिकायला जातात. त्यातली काही तिथे नोकरीला लागतात, स्थिरावतात, नागरिक होतात आणि मग आई-वडिलांना, नवऱ्याला, बायकोला कायमचे बोलावून घेण्यासाठी अर्ज भरतात. अशी घरे अजून थोडी आहेत, पण वाढत आहेत. त्यांच्याकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला कोणते कागद न्यायचे आणि बँकेत किती पैसे दाखवायचे?

यादी आम्ही या लेखात देणारच आहोत. पण ही यादी मागणारा माणूस मनातून घाबरलेला असतो. आपल्याकडे शेत नाही, बंगला नाही, मुदत ठेव नाही, मग आपले काय होणार, असे त्याला वाटते. ही भीती घालवायची तर आधी यादीचा इतिहास समजून घ्यावा लागतो. व्हिसाच्या फायलीतला 'पैशाचा पुरावा' वरून हिशेबाचा कागद दिसतो. प्रत्यक्षात तो विचारतो : तुझ्या पाठीशी कोण उभे आहे? हा प्रश्न गरिबांना आणि नकोशा माणसांना दारातच अडवण्यासाठी घडवला गेला. ज्यांनी त्याला उत्तर दिले, त्यांनी ते एकट्याने दिले नाही. संघटित होऊन दिले.

दोन शब्दांचा कायदा

'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारी तिजोरीवर भार. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातले हे दोन शब्द आजही प्रत्येक मुलाखतीच्या मागे उभे असतात. त्यांचे मूळ इंग्लंडच्या जुन्या दारिद्र्य कायद्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दुष्काळातून पळालेले गरीब आयरिश लोक बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरू लागले, तेव्हा मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी त्यांना रोखण्यासाठी आणि परत पाठवण्यासाठी कायदे वापरले. ३ ऑगस्ट १८८२ रोजी हाच विचार संपूर्ण देशाच्या कायद्यात आला. स्वतःची काळजी घेता न येणारा आणि त्यामुळे सार्वजनिक भार होणारा माणूस उतरू द्यायचा नाही, असे ठरले. प्रत्येक प्रवाशामागे ५० सेंट कर बसला. त्याच वर्षी मे महिन्यात चिनी मजुरांना बंदी करणारा कायदाही झाला होता. एक कायदा वंशावर बोट ठेवत होता, दुसरा खिशावर. दोन्ही एकाच वर्षी यावेत, हा योगायोग समजून सोडून देण्यासारखा नाही.

१८९१ साली कायद्याचे शब्द बदलले. आता भार 'असलेला' नव्हे, तर भार 'होण्याची शक्यता असलेला' माणूस अडवायचा होता. हा बदल छोटा वाटतो, पण त्याने सगळे फिरवले. माणूस आज कसा आहे हे तपासता येते. उद्या कसा असेल हे भाकीत असते. आणि भाकीत करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात जे पूर्वग्रह असतात, तेच त्या भाकितात उतरतात.

हे कसे घडते ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर दिसले. १९१० साली सुरू झालेल्या या तपासणी केंद्रावर पंजाबातून आलेले धडधाकट शेतकरी आणि मजूर अडवले गेले. त्यांच्या अंगात काम करण्याची ताकद होती. तरी अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा होता : इथले लोक हिंदी माणसांचा द्वेष करतात, म्हणून यांना कुणी काम देणार नाही, म्हणून हे भार होतील. म्हणजे द्वेष करणारा समाज मोकळा आणि ज्याचा द्वेष होतो तोच नापास! हा तर्क आपल्याला ओळखीचा वाटला तर नवल नाही. 'आम्ही तुम्हाला घर देत नाही, म्हणून तुम्ही बेघर, आणि बेघर म्हणून नालायक' हा तर्क आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे.

१९१५ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गेगिओव्ह विरुद्ध उल या खटल्यात या मनमानीला थोडा लगाम घातला. काही रशियन माणसांना पोर्टलंड शहरात काम मिळणे कठीण आहे म्हणून अडवले होते. न्यायमूर्ती होम्स यांनी सांगितले की एखाद्या शहरातली मजुरीची बाजारपेठ भरली आहे, हे माणसाला नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. त्या माणसाचे स्वतःचे गुणधर्म पाहायला हवेत. पण आशियाई माणसाला याचा लाभ फार काळ मिळाला नाही. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाचा मोठा पट्टाच बंद केला.

दोनशे डॉलर आणि पंचवीस डॉलर

कॅनडाने तर किंमतच ठरवून टाकली. १९०८ मध्ये तिथल्या सरकारने आशियातून येणाऱ्या माणसाकडे २०० डॉलर रोख हवेत असा आदेश काढला. युरोपीय माणसाला २५ डॉलर पुरत होते. शिवाय मायदेशातून थेट, न थांबता प्रवास केलेला हवा. आणि भारतातून असे थेट जहाजच मिळत नव्हते. २३ मे १९१४ रोजी कोमागाता मारू हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचले, तेव्हा याच नियमांनी त्यांना समुद्रातच रोखले. व्हँकुव्हरच्या भारतीयांनी वर्गणी काढली, जहाजाच्या भाड्याचे हप्ते भरले, न्यायालयात गेले. तरी मोजक्या लोकांखेरीज कुणाला उतरू दिले नाही. २३ जुलैला जहाज माघारी निघाले आणि सप्टेंबरच्या शेवटी बंगालमधील बजबज येथे ब्रिटिशांच्या गोळीबारात त्यातले अनेक प्रवासी मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ साली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याच काळात भारतीय मजुराला परदेशी न्यायला कुणी पैशाचा पुरावा मागत नव्हते, फक्त काम वेगळे होते. १८३४ पासून मॉरिशसच्या आणि पुढे इतर वसाहतींच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर नेले गेले. मॉरिशसला गेलेल्यांत आपले मराठी लोकही होते. त्यांच्याकडून हवा होता फक्त करारावर अंगठा. मळ्यावर राबायचे तर अंगठा चालतो. बरोबरीने राहायचे तर बँकेचे पासबुक लागते. कागदाची मागणी माणसाच्या हेतूप्रमाणे नव्हे, तर मालकाच्या गरजेप्रमाणे बदलत आली आहे.

जातीचा दाखला, पण उलटा

या इतिहासात एक प्रकरण आपल्या तरुणांनी विसरू नये असे आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या शीख सैनिकाचा नागरिकत्वाचा खटला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात आला. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी 'गोऱ्या' किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच नागरिकत्व मिळत असे. थिंद यांच्या बाजूने पुरावा काय दिला गेला? आपण उच्च जातीचे आहोत, आर्य आहोत, आणि उच्च जातीचा हिंदू इथल्या आदिवासींकडे लग्नसंबंधांच्या बाबतीत तसाच पाहतो जसा गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे पाहतो. म्हणजे आमच्यातही तुमच्यासारखाच तिरस्कार आहे, म्हणून आम्हाला आत घ्या! न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी हे फेटाळले. सामान्य अमेरिकन ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे सांगितले. त्यानंतर आधी मिळालेली काही भारतीयांची नागरिकत्वेही काढून घेतली गेली. जातीची श्रेष्ठता पुरावा म्हणून पुढे केली आणि तिला परदेशात काडीची किंमत मिळाली नाही. दुसऱ्याला खाली ढकलून आपली पात्रता सिद्ध करणारे फार दूर जात नाहीत, हा त्याचा धडा.

आधी लुटायचे, मग ऐपत विचारायची

आजची व्हिसा मुलाखत खऱ्या अर्थाने जन्मली १९२४ च्या कायद्याने. तोवर तपासणी अमेरिकेच्या बंदरात होई. आता माणसाच्या स्वतःच्या देशातच अमेरिकी वकिलातीतला अधिकारी कागद तपासून व्हिसा देऊ किंवा नाकारू लागला. जन्माचा दाखला, वर्तणुकीची नोंद, लष्करी नोंद असे कागद तेव्हापासून फायलीत आले. नाकारलेला माणूस आता बंदरावर वकील शोधू शकत नव्हता. तो आपल्याच गावात अडकून पडे.

८ सप्टेंबर १९३० रोजी महामंदीच्या काळात अध्यक्ष हूव्हर यांच्या सरकारने जाहीर केले की 'भार होण्याची शक्यता' हे कलम आता कडक लावले जाईल. नवा कायदा झाला नाही. एक शब्दही बदलला नाही. फक्त चाळणीची भोके लहान केली. १९३० मध्ये सुमारे २ लाख ४१ हजार लोक अमेरिकेत स्थलांतरित झाले होते; १९३२ मध्ये ते सुमारे ३५ हजारांवर आले.

आणि मग हिटलर आला. जर्मनीतले ज्यू जीव वाचवण्यासाठी वकिलातींसमोर रांगा लावू लागले. त्यांच्याकडून काय मागितले जात होते ते वाचा : जन्माच्या दाखल्याच्या प्रती, पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला, अमेरिकेतील प्रायोजकांची हमीपत्रे, त्यांच्या आयकर विवरणाची प्रमाणित प्रत, बँकेचे पत्र, इतर मालमत्तेचा पुरावा. छळणाऱ्या नाझी पोलिसांकडूनच चारित्र्याचा दाखला आणायचा! नाझी राजवटीने देश सोडणाऱ्यावर कर लादून त्याची मालमत्ता हिसकावली आणि पुढे पुढे तर खिशात अवघे १० मार्क घेऊन जाण्याची मुभा ठेवली. एका सरकारने लुटले आणि दुसऱ्या सरकारने विचारले, तुझ्याकडे पैसे का नाहीत? जर्मनीच्या वाट्याचा वार्षिक कोटा हिटलर सत्तेवर आल्यानंतर पहिल्यांदा पूर्ण भरला तो १९३९ साली. तोवर रांगेत माणसे होती, कोट्यात जागा होत्या, पण मध्ये कागद होता.

आता आपल्या घराकडे वळू. मनुस्मृतीने शूद्राने धन साठवू नये असे सांगितले. अस्पृश्याला तर त्याहून खाली ढकलले. महार वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांनी गावाची राखण केली, सरकारी वसुली तालुक्याला पोचवली, मर्तिकाचे निरोप मैलोन्‌मैल नेले, गावाच्या शिवेच्या तंट्यात साक्षी दिल्या. गावाचा पैसा आणि निरोप वाहणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या नावावर काय होते? थोडे बलुते आणि तुकडाभर वतन जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या गुलामीविरुद्ध विधेयक आणले. वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

त्यानंतर जमिनी परत मिळाल्या त्या बहुतेक 'नवीन शर्ती'वर. आजही कित्येकांच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती जमीन विकता येत नाही. व्हिसाच्या नियमात मालमत्ता कोणती मोजतात? जी वर्षभरात रोख रकमेत बदलता येते ती. म्हणजे वतन जमिनीचा सातबारा मुलाखतीत दाखवला तरी मालमत्ता म्हणून तो टिकणे अवघड. शेजारच्या आळीतल्या माणसाची तेवढीच जमीन मोजली जाऊ शकते, आपली नाही. जातीने जमिनीला घातलेली बेडी सातासमुद्रापार, परक्या देशाच्या फॉर्मवरही वाजते. म्हणून आम्ही म्हणतो की आर्थिक पुरावा कधीच निव्वळ आर्थिक नसतो.

आपले सरकारही मागे नव्हते

हे सगळे परदेशीयांनीच केले असेही नाही. स्वातंत्र्यानंतर १९६७ पर्यंत भारतात पासपोर्ट हा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. इतिहासकार कलात्मिका नटराजन यांनी सरकारी कागदपत्रांच्या आधारे दाखवले आहे की त्या काळात गरीब, अशिक्षित आणि दलित माणसे परदेशात गेली तर देशाची 'प्रतिमा' बिघडेल, अशा विचाराने त्यांना पासपोर्ट देण्यात आडकाठी केली जात होती. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग सोहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी जाणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. म्हणजे ते दारही बाबासाहेबांच्या संविधानानेच उघडले.

तरी वृत्ती गेली नाही. १९८३ च्या कायद्याने दहावी न झालेल्यांना आखातासह काही देशांत कामाला जाण्यासाठी वेगळी परवानगी लागू लागली. हेतू संरक्षणाचा सांगितला गेला. पण जानेवारी २०१८ मध्ये अशा लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याची घोषणा झाली, तेव्हा त्या संरक्षणाचा खरा रंग दिसला. विरोध झाला आणि त्याच महिन्यात ती घोषणा मागे घ्यावी लागली.

१९६५ : दार उघडले, कुणासाठी?

१९४६ मध्ये अमेरिकेने भारतीयांना वर्षाला १०० जागा दिल्या. ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेला कोटा संपवला आणि दोन दारे उघडली : एक कुटुंबाचे, दुसरे शिक्षित व्यावसायिकांचे. हा कायदा काळ्या माणसांच्या नागरी हक्क लढ्याच्या काळात आणि त्याच वातावरणात झाला, हे तिथे गेलेल्या किती भारतीयांना आठवते?

त्या वेळी डॉक्टर आणि इंजिनिअर झालेले भारतीय कोणत्या घरातले होते हे सांगायला नको. 'द अदर वन पर्सेंट' या २०१६ च्या पुस्तकात संजय चक्रवर्ती, देवेश कपूर आणि निर्विकार सिंग यांनी मांडले आहे की अमेरिकेतले भारतीय अनेक चाळण्यांतून निवडून गेलेले आहेत : आधी समाजाच्या उतरंडीची, मग शिक्षण आणि परीक्षांची, मग अमेरिकी व्हिसाची. पहिला माणूस पहिल्या दाराने गेला की दुसऱ्या दाराने त्याने भाऊ, बहीण, आई-वडील नेले. एकाच्या पगारावर दुसऱ्याचे हमीपत्र, दुसऱ्याच्या पगारावर तिसऱ्याचे. अशी साखळी तयार होते. आपल्या साखळीची पहिली कडी दोन पिढ्या उशिरा पडली. मुलाखतीत घाबरणाऱ्या आपल्या माणसाकडे कमी असते ते हेच : आधी गेलेला मामा.

हमी कशी उभी राहते : बाबासाहेब आणि इतर

पण मामा नसला म्हणून वाट बंद होत नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते कोणत्या ऐपतीवर? ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला ते लंडनला परत गेले तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून वाचवलेले पैसे होते, शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या पारशी मित्राचे पाच हजारांचे कर्ज होते. करार, बचत, साहाय्य, कर्ज. चारही गोष्टी उघड, चारही हिशेबात. वडिलोपार्जित इस्टेट एकही नाही. इतिहासातला सर्वांत मोठा विद्यार्थी दुसऱ्यांच्या हमीवर परदेशी गेला, यात कमीपणा नाही. त्याने ती हमी लाखपटीने फेडली.

ज्यू समाजाने हेच संस्था म्हणून केले. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर १९०९ मध्ये आयुक्त विल्यम विल्यम्स यांनी प्रत्येक प्रवाशाजवळ २५ डॉलर हवेत असे फर्मान काढले. तेव्हा हायस या ज्यू संस्थेचे कार्यालय त्याच बेटावर होते. या संस्थेने अडकलेल्यांचे नातेवाईक शोधले, काहींना ते २५ डॉलर उसने दिले, काहींसाठी जामीन उभे केले. पुढे नाझी काळात हॉलिवूडमधील निर्माते कार्ल लेमले यांनी आपल्या जन्मगावच्या आणि परिसरातल्या ज्यूंसाठी शेकडो हमीपत्रांवर सह्या केल्या. इतक्या, की वकिलाती त्यांच्या सहीवर शंका घेऊ लागल्या आणि त्यांना परराष्ट्रमंत्र्यांकडे तक्रार करावी लागली. एका श्रीमंताच्या शंभर सह्यांपेक्षा शंभर साध्या नोकरदारांची एकेक सही भक्कम ठरते, हेही त्या इतिहासातून शिकायचे.

आजचा कागद : काय, का, कसा

आता यादी. १९९६ पर्यंत अमेरिकेतले हमीपत्र ही नैतिक जबाबदारी समजली जाई. न्यायालये ते वसूल करून देत नसत. १९९६ च्या कायद्याने ते बंधनकारक करार केले. आय-८६४ नावाचा हा फॉर्म डिसेंबर १९९७ पासून लागू आहे. कुटुंबाच्या व्हिसाचा तोच कणा आहे.

पहिली गोष्ट : यात मुख्यतः मोजतात ते बोलावणाऱ्याचे अमेरिकेतले उत्पन्न, तुमची भारतातली शिल्लक नव्हे. ते उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवे. २०२५ च्या तक्त्यानुसार बहुतेक राज्यांत दोन माणसांच्या घराला वर्षाला २६,४३७ डॉलर आणि चार माणसांच्या घराला ४०,१८७ डॉलर. घर मोजताना बोलावणारा, त्याच्यावर अवलंबून असलेले, येणारे आणि आधी ज्यांची हमी दिली तेही धरायचे. हा तक्ता दरवर्षी बदलतो. अर्जाच्या वेळी अधिकृत संकेतस्थळावरचाच पाहावा.

दुसरी : उत्पन्न कमी असेल तर तीन वाटा आहेत. त्याच घरात राहणाऱ्या माणसाचे उत्पन्न जोडता येते. किंवा अमेरिकी नागरिक अथवा कायम रहिवासी असलेला दुसरा कुणी सहप्रायोजक होऊ शकतो. तो नातेवाईकच हवा असे नाही, पण तो तिथे राहणारा हवा आणि त्याचे एकट्याचे उत्पन्न पुरेसे हवे. मूळ अर्जदाराने आपला फॉर्म तरीही भरायचाच असतो. किंवा मालमत्ता दाखवता येते : नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट, आई-वडिलांसारख्या इतरांसाठी साधारण पाचपट. येणाऱ्याची भारतातली मालमत्ताही यात धरता येते. वर्ग २ जमिनीची अडचण वर सांगितलीच आहे.

तिसरी : पुरावा म्हणजे ताज्या वर्षाचे अमेरिकी आयकर विवरण किंवा कर खात्याचा उतारा, पगाराचे कागद, नोकरीचे पत्र. कागदातला आकडा आणि फॉर्ममधला आकडा एकच हवा.

चौथी, सहप्रायोजकाला हे स्पष्ट सांगा : ही जबाबदारी आलेला माणूस नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावे कामाच्या ४० तिमाही जमेपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडेपर्यंत, किंवा मृत्यूपर्यंत राहते. घटस्फोटाने ती संपत नाही. लग्न करून जाणाऱ्या आपल्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावे. नवऱ्याने हाकलले तरी हा करार तिच्या बाजूने उभा असतो, ती न्यायालयात जाऊ शकते. म्हणून त्या फॉर्मची प्रत तिने स्वतःजवळ ठेवावी.

पाचवी, घरचे कागद. पासपोर्ट, जन्माचा दाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स, नेमलेल्या डॉक्टरांकडची तपासणी. आपल्या लोकांचे घोडे अडते ते इथेच. आई-वडिलांचा जन्म नोंदलेलाच नसतो. अशा वेळी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घ्यायचा आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडायची. विहारात झालेले लग्न पवित्र आहे, पण वकिलातीला निबंधकाचे प्रमाणपत्र लागते. ते लग्नानंतर लगेच काढावे. शाळेच्या दाखल्यावर 'दगडू', 'कचरू' आणि पासपोर्टवर दुसरे नाव, किंवा आडनाव बदललेले, हे आपल्याकडे घरोघरी आहे. राजपत्रातली नोंद आणि प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. मराठी कागदांसोबत इंग्रजी प्रमाणित भाषांतर जोडा. मुलाखतीला मूळ प्रती न्या.

सहावी : मुलाखतीत कागद कमी पडला आणि '२२१ (जी)' ची चिठ्ठी मिळाली तर तो शेवटचा नकार नव्हे. मागितलेला कागद द्या, प्रकरण पुढे सरकते. पण महिन्याभरासाठी खात्यात रक्कम टाकून 'बॅलन्स' दाखवून देणारे किंवा बनावट दाखले विकणारे एजंट दारात उभे करू नका. खोटा कागद सापडला तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. उसने पैसे उघडपणे कर्ज म्हणून सांगणे आणि खोटी शिल्लक दाखवणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बाबासाहेबांनी कर्ज घेतले. खोटा हिशेब दाखवला नाही.

आता काम आपले

आपला समाज कागदाला अपरिचित नाही. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला यांसाठी तहसीलचे उंबरठे आपण जितके झिजवले तितके कुणी झिजवले नसतील. ज्या तहसीलमध्ये शिष्यवृत्तीसाठी आपण गरीब आहोत हे सिद्ध करतो, तिथेच ऐपतीचा दाखला मागायला गेले की आपण फार गरीब आहोत असे उत्तर मिळते. दोन्ही बाजूंनी आपल्यालाच सिद्ध करायला लावणारी ही व्यवस्था आहे. तिच्यावर टीका करायलाच हवी. पण टीका करून मुलाखतीची तारीख पुढे जात नाही.

म्हणून आमची सूचना आहे. प्रत्येक तालुक्यातल्या विहारात, वाचनालयात महिन्यातून एक दिवस कागदांसाठी ठेवा. ज्येष्ठांच्या जन्मनोंदी, नावातले फरक, विवाह नोंदण्या आधीच दुरुस्त करून घ्या. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींनी सहप्रायोजक होण्याची तयारी असलेल्यांचा गट करावा; एकमेकांची मिळकत आणि जबाबदारी नीट समजून घेऊन, एकाने एकाच कुटुंबाची हमी घ्यावी. इंग्लंडने जोडीदार बोलावण्यासाठी लागणारे किमान उत्पन्न एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० पौंडांवरून थेट २९,००० पौंड केले. दारे अशीच अचानक अरुंद होतात, त्यामुळे तयारी आधीपासून हवी.

१८८२ पासून विचारला जाणारा प्रश्न एकच आहे : हा माणूस भार होईल का? ज्यांच्या श्रमावर गावे चालली, मळे पिकले, गिरण्या फिरल्या, त्यांच्या लेकरांना हा प्रश्न विचारला जातो, हीच मुळात थट्टा आहे. तरी खिडकीसमोर उभे राहाल तेव्हा मान खाली घालू नका. तुमच्या फायलीतला प्रत्येक कागद खरा असू द्या, आणि त्या कागदामागे एक संघटित समाज उभा असू द्या. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा मंत्र व्हिसाच्या रांगेतही तितकाच लागू आहे.

जयभीम!